साहेब, गुरू, मित्र: दोन पानांत नेमकं कोणाबद्दल लिहायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अंबडच्या कारखान्यात अकरा वर्षं ज्यांच्या हाताखाली काम केलंत ते साहेब गेल्या वर्षी गेले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, घरचे चाळीस पानांची स्मरणिका काढतायत आणि तुमच्याकडून दोन पानं मागितली आहेत. चार वेळा लिहायला बसलात आणि चारही वेळा कागदावर निरोप समारंभाचं भाषण उतरलं. वर तीन अडचणी: त्यांचा राग लिहायचा का, आईच्या ऑपरेशनला त्यांनी गुपचूप पैसे दिले ते लिहायचं का, आणि शेवटच्या काही वर्षांत तुमचं अरे-तुरे होतं, तर छापताना ‘तो’ म्हणायचं की ‘ते’?

मी १९८६ पासून नाशिकमध्ये छपाईच्या धंद्यात आहे. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यापासून सुरुवात केली, आता मुद्रितशोधन आणि मजकूर नीटनेटका करून देणं हे काम. स्मरणिका, गौरव अंक, पुण्यस्मरणाच्या पुस्तिका किती हातांखालून गेल्या ते मोजलेलं नाही. तेव्हा हे साहित्यिकाचं उत्तर समजू नका. लोक कुठे अडखळतात ते रोज बघणाऱ्या माणसाचं समजा. शिवाय तुम्ही आज जिथे अडकलाय, तिथे मी स्वतः एकदा अडकलोय.

तुम्हाला लिहिता येत नाही असं मला अजिबात वाटत नाही. प्रश्न विचारताना तुम्ही एक वाक्य लिहिलंय, ‘साहेब जिन्यावरून येताना चावी वाजवायचे, म्हणजे आम्हाला सावरायला वेळ मिळावा.’ हे ज्याला दिसलं त्याला लिहिता येतं. घोळ वेगळाच आहे. एकाच माणसाशी तुमची तीन नाती होती आणि तुम्ही तिन्ही एका दमात लिहायला जाताय. साहेबांबद्दल लिहायला लागलं की भाषेला कडक इस्त्री होते. गुरूबद्दल लिहिताना आपोआप हात जोडले जातात. आणि मित्राबद्दल लिहावं तर पहिल्या रांगेत त्यांची बायको-मुलं बसलेली डोळ्यांपुढे येतात. तिघंही एकमेकांना बोलू देत नाहीत. मग उरतं काय, तर ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख’. हे तीन शब्द मी इतक्या जणांच्या नावापुढे वाचलेत की ते आता छापील रकान्यासारखे वाटतात.

यातून वाट काढायला मी एकच गोष्ट विचारतो: साहेबांचा मित्र कुठल्या दिवशी झाला? वर्ष नको, दिवस हवा. तो दिवस सापडला की तिन्ही नाती त्यातच येतात, कारण त्या दिवशी सकाळी ते साहेब असतात आणि संध्याकाळी नसतात.

माझंच सांगतो. आमच्या प्रेसच्या मालकांना सगळे नाना म्हणायचे. मी एकोणीस वर्षांचा शिकाऊ उमेदवार. प्रूफ घेऊन त्यांच्या टेबलाशी उभं राहायचं. ते वाचायचे आणि चूक दिसली की त्या ओळीखाली अंगठा ठेवायचे. बोलायचे काहीच नाहीत. अंगठ्याच्या नखात शाई कायमची बसलेली, रॉकेलनेही न जाणारी. कुठला शब्द, काय चुकलंय, हे आपण शोधायचं. सापडेपर्यंत अंगठा हलायचा नाही. कधी कधी पाच-पाच मिनिटं. मागे छपाईचं ट्रेडल मशीन खडखडतंय, गिऱ्हाईक खोळंबलंय, आणि नाना शांत. पहिली दोन वर्षं मला तो छळ वाटायचा. पुढे कळलं की दाखवलेली चूक आपण फक्त दुरुस्त करतो, शोधलेली चूक पुन्हा करत नाही. ‘आपल्या गावात १९२८ पासून नोटा छापतात,’ एवढं एक वाक्य मात्र ते नेहमी ऐकवायचे, ‘तिथे चूक चालत नाही, मग आपल्या लग्नपत्रिकेत का चालावी?’ नाशिकरोडच्या त्या छापखान्याशी आमच्या दोन खोल्यांच्या प्रेसची बरोबरी फक्त नानाच करू जाणे.

मग १९९७ साल आलं. ट्रेडल गेलं, शिशाचे खिळे भंगारवाल्याने किलोवर नेले, आणि वरच्या खोलीत कॉम्प्युटर आला. नानांनीच पैसे भरून मला तीन महिन्यांच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवण्याच्या, क्लासला घातलं होतं. एका दुपारी ते स्टूल ओढून माझ्या डाव्या हाताला बसले आणि म्हणाले, ‘मला शिकव.’ एका बोटाने कळफलक शोधत त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं. चांगली सात-आठ मिनिटं लागली. आडनावातला रफार एक अक्षर आधी पडला होता. आणि मी, काही विचार न करता, स्क्रीनवर त्या ओळीखाली अंगठा ठेवला.

ठेवला आणि हात तिथेच गार पडला. नानांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि असे हसत सुटले की ठसका लागला. ‘चल, चहा घेऊ.’ अकरा वर्षांत माझा चहा त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता, माझ्या केसपाशी, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, यायचा. त्या दिवशी आम्ही खाली टपरीवर गेलो, उभ्याउभ्या प्यायलो, आणि त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की ऑफसेट मशीनचं कर्ज डोक्यावर आहे आणि रात्री झोप लागत नाही. मालक असा हिशेब नोकराला सांगत नाही. असा हिशेब मित्राला सांगतात.

तुमचाही असा दिवस असणार. प्रत्येक वेळी तो इतका ठळक नसतो, हे कबूल. कधी तो एखादा प्रवास असतो, कधी हॉस्पिटलच्या बाहेरचा बाक, कधी नुसतं त्यांनी स्वतःची चूक तुमच्यापुढे कबूल करणं. मी विचारतो तेव्हा लोक बहुतेक वेळा ‘असं काही विशेष नाही’ म्हणतात, आणि दहा मिनिटांनी तेच सांगायला लागतात. बहुधा तो दिवस वरिष्ठाने काहीतरी दिल्याचा नसतो. त्याने तुमच्याकडे काहीतरी मागितल्याचा असतो.

आता तुमच्या अडचणी एकेक घेऊ.

राग लिहायचा का? माझं मत, लिहाच. कारखान्यातली पन्नास माणसं ती स्मरणिका वाचणार आहेत. ज्यांनी साहेबांच्या शिव्या खाल्ल्या त्यांना लेखात नुसतं लोणी दिसलं, तर तुमच्या खऱ्या वाक्यांवरही त्यांचा विश्वास बसणार नाही. पण दोन पथ्यं पाळा. राग झेललेला माणूस तुम्ही स्वतः असायला हवा, दुसऱ्या कोणाचा अपमान तुम्ही छापायचा नाही. आणि राग एकटा सोडायचा नाही, त्याच्या पुढचं-मागचं सांगायचं. एका लग्नपत्रिकेत मी मुहूर्त चुकवला, ११ वाजून ३५ मिनिटांच्या जागी १२ वाजून ३५ मिनिटं. तीनशे पत्रिका छापून झालेल्या. नानांनी माझ्या हातातली ओळी जुळवायची स्टिक टेबलावर अशी आपटली की पुढच्या कामाच्या जुळवलेल्या ओळी खोलीभर विखुरल्या. रात्री बसून त्यांनी स्वखर्चाने पत्रिका पुन्हा छापल्या. पण मला आठवतं ते दुसऱ्या दिवशीचं. मी सकाळी पोचलो तर नाना जमिनीवर उकिडवे बसून ते विखुरलेले खिळे वेचून एकेक केसमधल्या आपापल्या घरात टाकत होते. खिळे परत घरात टाकणं हे उमेदवाराचं काम, मालकाचं नव्हे. माफी त्यांनी मागितली नाही. मीही त्यांच्या शेजारी बसलो आणि वेचायला लागलो.

हाच प्रसंग मी पहिल्यांदा लिहिला तेव्हा ‘२००३ च्या सिंहस्थाच्या गर्दीत’ असं लिहिलं होतं. मग लक्षात आलं, २००३ मध्ये आमच्याकडे शिशाचा एक खिळाही उरला नव्हता! म्हणजे तो १९९१ चा सिंहस्थ. आपण नाशिककर सगळ्या आठवणी सिंहस्थाने नाहीतर गोदेच्या पुराने मोजतो, त्यामुळे आपली आठवण चुकली तर एक-दोन वर्षांनी नाही, सरळ बारा वर्षांनी चुकते. तेव्हा तुमच्या लेखातला प्रत्येक सन कशाला तरी टेकवून बघा: तुमचं नेमणूकपत्र, पगारपावती, फोटोमागची तारीख. कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याला एक फोन केला तरी पुरतं. एक चुकीचं साल वाचून कोणीतरी सभेतच ‘छे, तेव्हा साहेब इथे आलेच नव्हते’ म्हणतं आणि पुढचा लेख वाया जातो. हे मी डोळ्यांदेखत पाहिलंय.

पैशांचं प्रकरण सगळ्यात नाजूक. इथे एकच एक उत्तर नाही. ते गुपित का होतं यावर सगळं आहे. साहेबांना मोठेपणा नको म्हणून गप्प राहिले, की घरी माहीत नव्हतं म्हणून? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही वर्षांपूर्वी एका पुस्तिकेत एका गृहस्थांनी अगदी कृतज्ञतेने लिहिलं की दिवंगतांनी त्यांना घर घ्यायला किती रक्कम दिली. आकड्यासकट. मुलांना ही गोष्ट छापून आल्यावर कळली. त्या वर्षी घरात वाटणीवरून आधीच धुसफूस होती. दुसऱ्या दिवशी धाकटा मुलगा प्रेसमध्ये, ‘हे पान काढा.’ पुस्तिकेत एक पान एकटं निघत नाही, त्याच्या जोडीची पानंही जातात. एकत्र छापलेल्या पानांचा अख्खा फर्मा पुन्हा छापला आणि गृहस्थ आणि ते कुटुंब यांच्यातला जिव्हाळा आटला तो आटलाच. म्हणून माझं सांगणं: आधी वहिनींकडे जा, एकट्यांना भेटा आणि तोंडी सांगा. फोनवर किंवा मेसेजवर नको. त्यांना माहीत असेल तर त्या स्वतःच पुढचं सांगतील, आणि कदाचित तुम्हाला ठाऊक नसलेली बाजू कळेल. माहीत नसेल तर त्यांना ते तुमच्याकडून घरी बसून कळणं योग्य. त्यांनी ‘लिहा’ म्हटलं तरी आकडा लिहू नका. ‘आईच्या ऑपरेशनच्या वेळी साहेब पाठीशी उभे राहिले’ एवढं पुरे. ज्याला समजायचं त्याला समजतं. आणि पैसे फेडायचे राहिले असतील, तर आधी ते, मग लेख.

‘तो’ की ‘ते’? मराठीत हा व्याकरणाचा प्रश्न नाही, नात्याचा आहे. वि. वा. शिरवाडकर हे नाव पाठ्यपुस्तकातलं, कुसुमाग्रज अवघ्या महाराष्ट्राचे, पण नाशिकमध्ये जुनी माणसं अजून ‘तात्यासाहेब’च म्हणतात. १९९९ साली ते गेले त्यालाही आता इतकी वर्षं झाली, तरी बोलणारा कुठलं नाव घेतो त्यावरून तो त्यांच्या किती जवळ उभा होता ते कळतं. तुम्ही साहेबांना तोंडावर काय म्हणत होतात? आणि मोबाइलमध्ये त्यांचा नंबर कुठल्या नावाने आहे? पुष्कळांच्या फोनमध्ये मैत्री झाल्यावरही ‘साहेब’च राहिलेलं असतं. मी साधारण असं करतो: निवेदनात ‘ते’, आणि प्रत्यक्ष बोलणं लिहिताना जसं होतं तसं, ‘अरे, तू गप्प बस’ असेल तर तसंच. त्यामुळे वाचणाऱ्या मुलाबाळांना वडिलांचा अनादर झाल्यासारखं वाटत नाही आणि तुमची जवळीकही झाकली जात नाही. पण तुम्ही दोघं समवयस्क असाल, घरी जाणं-येणं असेल, वहिनींसमोरही एकेरीच बोलत असाल, तर सबंध लेख ‘तो’ने लिहिलात तरी खटकणार नाही. फक्त मध्येच गाडी बदलू नका.

नावाआधी काय लागतं ते घरच्यांना विचारा, स्वतः ठरवू नका. सरसकट ‘कै.’ लावायची आपल्याला सवय आहे. वारकरी घरात ‘वै.’ (वैकुंठवासी) लागतं, बौद्ध घरात ‘कालकथित’, लिंगायत घरात ‘लिंगैक्य’, मुसलमान घरात ‘मरहूम’. कुठलंच नको असेल तर ‘दिवंगत’ आहे, किंवा नुसतं नाव. आणि वहिनींचं नाव लेखात येणार असेल तर जपून. जुन्या मजकुरातून उचललेलं ‘सौ.’ तसंच राहून जातं, आणि वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत ते वाचताना त्या बाईला काय होत असेल याची कल्पना करा. साधारण ‘श्रीमती’ छापतात, पण हल्ली काही जणींना तेही नको असतं, नुसतं नाव हवं असतं. हे मी प्रत्येक वेळी तोंडाने विचारून घेतो.

जन्मतारीख, शिक्षण, कुठल्या साली कुठल्या पदावर, हे सगळं सोडून द्या. त्यासाठी स्मरणिकेत जीवनपटाचं पान असतंच. रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात. गावाचं आणि आडनावाचं विचारतात आणि पणजोबांचं नाव काढून दाखवतात. मी स्वतः नानांच्या मुलाबरोबर गेलो होतो, नानांच्या आजोबांची सही पाहिली. नाव होतं, गाव होतं, कोणाबरोबर आले ते होतं. पण तो माणूस चिडल्यावर काय करायचा हे कुठल्या वहीत मिळणार?

मापाचं बोलायचं तर अशा पुस्तिका बहुधा डेमी एक-अष्टमांश, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाएवढ्या, आकाराच्या असतात. एका पानावर साधारण तीनशे शब्द, फोटो घेतला तर त्याहून कमी. म्हणजे तुमच्याकडे साडेपाचशे शब्द आहेत. त्यात दोन प्रसंग नीट बसतात, तिसरा कोंबलात तर तिन्ही लंगडे होतात. एक, ते साहेब असतानाचा, बहुधा शिकवण्याचा. दुसरा, तो दिवस. चावी वाजवण्याचं वाक्य सुरुवातीला घ्या, तुम्ही ते आधीच लिहून ठेवलंय. त्या दिवशी सभेत बोलायला सांगितलं तर छापलेलं वाचू नका, त्यातला एकच प्रसंग सांगा आणि बसा. तीन-चार मिनिटं खूप झाली, तोवर लोकांचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे लागलेलं असतं.

मसुदा झाला की छापायला देण्याआधी अशा एका माणसाला वाचायला द्या, जो त्यांना तुमच्याइतकाच ओळखत होता पण कारखान्याबाहेर. हे मला नानांच्या पत्नीने शिकवलं. नाना २०११ मध्ये गेले. मी लेख लिहिला, माझ्या मते उत्तम. काकूंनी दिवाणखान्यात बसून चष्मा लावून वाचला आणि विचारलं, ‘हे कोणाबद्दल लिहिलंय?’ मला वाटलं, त्यांना नीट दिसलं नाही. मग म्हणाल्या, ‘अहो, हा माणूस आमच्या घरी कधी राहिलाच नाही. घरात आमटी अळणी झाली तर ते वाटीला अंगठा लावून बसायचे. बोलायचे नाहीत. काय कमी आहे ते मी ओळखायचं.’

मी तीन दिवस त्यांच्या अंगठ्याचं प्रेसमध्ये पाहिलेलं सगळं आठवत बसलो आणि लेख नव्याने लिहिला. शीर्षक दिलं ‘नानांचा अंगठा’. मजकूर पाच वेळा तपासला, उलटा वाचून तपासला, रात्री तपासला, सकाळी तपासला. पुस्तिका छापून आली, पहिली प्रत काकूंच्या हातात दिली.

शीर्षकं आणि फोटोखालच्या ओळी सगळ्यात शेवटी, वेगळं बसून तपासा, हे सांगायचं राहिलंच. मोठ्या अक्षरातली चूक डोळ्यांना दिसत नाही. माझ्या शीर्षकातला काना उडाला होता: ‘नानांच अंगठा’. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या ओळीखाली अंगठा ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.